कफालतीला कागद नाही

मुसलमानाला मूल दत्तक घेता येतं का, हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी कुणी ना कुणी विचारतं. विचारणारी आपल्यातली असली तर आवाज खाली आलेला असतो. विचारणारा बाहेरचा असला तर उत्तर त्याला आधीच ठाऊक असतं, आणि ते 'नाही' असंच असतं. दोघांनाही मी एकच सांगते. मूल घरी आणता येतं, पोटच्यासारखं वाढवता येतं, शिकवता येतं, त्याच्या नावे घर-जमीन करून देता येते. त्याचा बाप कोण होता हे मात्र पुसून टाकता येत नाही. याला आपण कफालत म्हणतो, अरबीत कफाला.

इतकं सरळ आहे तर अडतं कुठं? घरात फारसं अडत नाही. अडतं सरहद्दीवर. मूल एका देशात आणि त्याला आणायला निघालेलं कुटुंब दुसऱ्या देशात, अशी वेळ आली की कफालत हा शब्द व्हिसाच्या फॉर्मच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. गेल्या काही वर्षांत मी या विषयावरचे निकाल आणि कायदे वाचत आले आहे, कारण आमच्या नात्यात एक प्रसंग घडला. त्याकडे मी पुढे येणार आहे. आधी एक परकं प्रकरण.

ब्रिटनमध्ये राहणारं एक फ्रेंच नागरिक जोडपं. मूल नव्हतं. २००९ मध्ये ते अल्जीरियाला गेले, कफालतीसाठी अर्ज केला, तिथल्या अधिकाऱ्यांनी चौकशी करून त्यांना योग्य ठरवलं. जून २०१० मध्ये जन्मलेली, जन्मदात्यांनी सोडून दिलेली एक मुलगी त्यांच्याकडे आली. मार्च २०११ मध्ये कफालतीचा रीतसर आदेश निघाला. अल्जीरियात १९९२ पासून अशा मुलाला सांभाळणाऱ्याचं आडनाव लावायची मुभा आहे, तेही लागलं. नवरा नोकरीसाठी ब्रिटनला परतला, बायको मुलीला घेऊन अल्जीरियातच थांबली. २०१२ मध्ये मुलीच्या प्रवेशासाठी अर्ज केला, तो नाकारला गेला. कारण असं की, अल्जीरियाची कफालत म्हणजे ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीनं दत्तक नव्हे.

मग अपिलं. प्रकरण ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथून २०१८ मध्ये लक्झेंबर्गला युरोपीय संघाच्या न्यायालयाकडे प्रश्न पाठवला गेला आणि उत्तर आलं २६ मार्च २०१९ रोजी. न्यायालयानं म्हटलं की कफालतीतून जन्मदात्याचं नातं निर्माण होत नाही, त्यामुळे ही मुलगी त्या जोडप्याची 'थेट वंशज' ठरत नाही. पण ती 'कुटुंबातील इतर सदस्य' ठरते. मुलाचं हित, त्यांचं एकत्र राहणं, तिचं त्यांच्यावर अवलंबून असणं हे सगळं तोलून पाहा, आणि नातं खरं असेल तर साधारणपणे तिला प्रवेश द्या. निकाल समंजस आहे. पण तारखा पुन्हा पाहा. पाळण्यातल्या मुलीचा अर्ज होता. तिचं वकिलांच्या भाषेतलं नातं काय हे ठरेपर्यंत ती नऊ वर्षांची व्हायला आली होती.

हे वाचून आपल्याकडचे काही लोक लगेच म्हणतील, पाहा, पाश्चात्त्यांना आपला धर्म समजत नाही. आणि दुसरे काही म्हणतील, पाहा, तुमचा धर्मच मुलांच्या आड येतो. मला दोन्ही पटत नाही. ब्रिटिश अधिकाऱ्यानं त्याच्या कायद्यात जे लिहिलं होतं ते वाचलं. अल्जीरियाच्या न्यायाधीशानं त्याच्या कायद्यात जे होतं ते केलं. दोघांच्या मध्ये जी जागा होती तिथं मुलगी उभी होती, आणि त्या जागेसाठी कुणीच काही लिहून ठेवलेलं नव्हतं.

आता मूळ आयतींकडे येऊ. सूरह अहजाबच्या चौथ्या-पाचव्या आयती नेहमी 'दत्तक हराम' या दोन शब्दांत सांगितल्या जातात. त्यांचा आशय वेगळ्या ठिकाणी जोर देतो. मानलेली मुलं तुमच्या बोलण्यानं पोटची होत नाहीत. त्यांना त्यांच्या बापाच्या नावानं हाक मारा. बाप ठाऊक नसेल तर ती तुमची धर्मातली भावंडं आहेत. यात मूल घरी आणू नका असं कुठंही नाही. याची पार्श्वभूमी हजरत जैद बिन हारिसा (र.) यांची. लहानपणी पळवून नेलेला, उकाजच्या बाजारात विकला गेलेला हा मुलगा खदीजा (र.) यांच्याकडून प्रेषितांकडे (स.) आला. त्याचा बाप मेलेला नव्हता. तो मुलाला शोधत होता, शोधत शोधत मक्केला आला, पैसे घेऊन. जैदनं प्रेषितांजवळ राहायचं ठरवलं आणि लोक त्याला 'जैद बिन मुहंमद' म्हणू लागले. आयती उतरल्यावर तो पुन्हा 'जैद बिन हारिसा' झाला. त्याचं घर गेलं नाही, माया गेली नाही. पुढे तो सेनापती झाला, आणि सहाबांपैकी कुराणात नावानं उल्लेख असलेला तो एकटाच. परत मिळालं ते एका हिंडून थकलेल्या बापाचं नाव.

कफालत हा शब्दही कुराणातूनच आला आहे. हजरत मरियमला जकरिया (अ.) यांच्या देखरेखीखाली दिलं गेलं, तिथं हेच क्रियापद आहे. आणि स्वतः प्रेषित जन्माआधीच पितृहीन झालेले, आईमागे आजोबांनी आणि मग चाचा अबू तालिब यांनी वाढवलेले. अनाथाला सांभाळणारा जन्नतमध्ये आपल्या शेजारी असेल हे सांगताना त्यांनी दोन बोटं जोडून दाखवली, ही हदीस आपल्याकडच्या प्रत्येक यतीमखान्याच्या पावतीपुस्तकावर सापडेल.

या आयतीकडे पाहायची माझी नजर बदलली ती कोरियाच्या बातम्या वाचून. दक्षिण कोरियातून १९५० च्या दशकापासून दीड लाखाहून जास्त मुलं परदेशी कुटुंबांना दत्तक दिली गेली, बहुतेक अमेरिकेत आणि युरोपात. ती मुलं मोठी झाली, मूळ शोधायला परतली, तेव्हा अनेकांची कागदपत्रं खोटी निघाली. आई-बाप जिवंत असताना 'अनाथ' लिहिलेलं, एका मुलाची ओळख दुसऱ्याला दिलेली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सत्यशोधन आयोगानं सरकारलाच याबद्दल जबाबदार धरलं. नेदरलँड्सनं २०२१ मध्ये परदेशातून दत्तक घेणं थांबवलं, कारण चौकशीत बांगलादेश, इंडोनेशिया, श्रीलंका, ब्राझील, कोलंबिया इथून आलेल्या मुलांच्या बाबतीत असेच गैरप्रकार दिसले. चीननं सप्टेंबर २०२४ मध्ये नातेवाईक सोडून इतर परदेशीयांना मुलं देणं बंद केलं. आज चाळिशी-पन्नाशीतली ही दत्तक मुलं काय मागत आहेत? पालकांबद्दल बहुतेकांची तक्रार नाही. त्यांना आपल्या बापाचं नाव हवं आहे. आईचं गाव हवं आहे.

म्हणजे आयतीनं जे सांगितलं ते मुलाच्या बाजूनं सांगितलं होतं. आपण ते मुलाच्या विरोधात वापरतो, ही माझी तक्रार आहे.

कारण या बाबतीत मुस्लिम समाजांनी छाती फुगवावी असं काही नाही. मोरोक्को घ्या. तिथं कफालतीसाठी २००२ चा चांगला, सविस्तर कायदा आहे. मूल सोडून दिलेलं आहे हे न्यायालयानं जाहीर करायचं, चौकशी करायची, मग न्यायाधीश मूल मुसलमान जोडप्याच्या किंवा मुसलमान स्त्रीच्या हवाली करतो, आणि देशाबाहेर न्यायचं तर वेगळी परवानगी लागते. पण ही मुलं येतात कुठून? बरीचशी अविवाहित आयांची. तिथल्या दंडसंहितेच्या ४९० व्या कलमाखाली लग्नाशिवायच्या संबंधांना कैदेची शिक्षा आहे. आईला तुरुंगाची भीती घालायची, मग मूल टाकलं गेलं की त्याला यतीम म्हणून कुरवाळायचं, हा कसला धर्म?

त्याच मोरोक्कोत सप्टेंबर २०१२ मध्ये न्यायमंत्र्यांनी परिपत्रक काढलं की देशाबाहेर राहणाऱ्यांना कफालत देऊ नये. तेव्हा स्पेनमधली कित्येक कुटुंबं मूल पाहून गेली होती, नाव ठेवून गेली होती. काहींनी कायद्याची अट म्हणून कलमाही पढला होता. त्यातल्या काही बायका महिनोन्‌महिने नोकरी सोडून मोरोक्कोत राहिल्या, दिवसा बालगृहात जाऊन मुलाला खेळवायचं आणि रात्री भाड्याच्या खोलीवर परतायचं. मोरोक्कोचं म्हणणं खोटं नव्हतं. स्पेनमध्ये नेलं की कफालतीचं पूर्ण दत्तकात रूपांतर व्हायचं, आणि मुलाच्या नावाचं, धर्माचं पुढं काय झालं हे पाहायला मोरोक्कोचा न्यायाधीश जाऊ शकत नव्हता. तरीही दार बंद करणं हे उत्तर झालं का? बालगृहातल्या मुलाला नाव राहिलं, घर गेलं.

बांगलादेशचं उदाहरण तर त्याहून बोचरं आहे. १९७१ च्या युद्धात बलात्कारातून जन्मलेल्या मुलांना घरात घ्यायला जेव्हा कुणी पुढं येईना, तेव्हा १९७२ मध्ये खास आदेश काढून ती परदेशी कुटुंबांना दत्तक द्यायची वाट उघडली गेली. जुलै १९७२ मध्ये पंधरा बाळं कॅनडाला गेली. दहा वर्षांनी, १९८२ मध्ये, तो आदेश रद्द झाला. लाज वाटत होती तोवर दत्तक चाललं, लाज सरली तशी शरियत आठवली. कठोर वाटेल, पण मला ते असंच दिसतं.

याच्या उलट चित्र कराचीत दिसतं. अब्दुल सत्तार ईधी मूळचे आपल्याकडच्या, गुजरातमधल्या बांटव्याचे. त्यांच्या केंद्रांबाहेर पाळणे ठेवलेले असायचे, अजूनही असतात. बाळाला मारू नका, इथं ठेवा. त्या पाळण्यांतली हजारो मुलं बिल्किस ईधींनी घराघरांत दिली. पाकिस्तानातही दत्तकाचा कायदा नाही. इंग्रजांनी केलेला १८९० चा गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट चालतो, जो आपल्याकडेही आहे. परदेशातलं पाकिस्तानी कुटुंब येतं, न्यायालयातून पालकत्वाचा आदेश घेतं आणि मूल घेऊन जातं. अमेरिका असा आदेश धरून व्हिसा देत आली आहे. मूल तिकडं पोहोचलं की तिथल्या न्यायालयात दत्तक होतं. कॅनडानं मात्र जुलै २०१३ मध्ये हे थांबवलं. कारण तेच, की या पालकत्वातून आई-बापाचं नातं तयार होत नाही. एकच कराची, एकच पाळणा, एकच आदेश; कुटुंब टोरांटोचं असलं की कागद निकामी, न्यूयॉर्कचं असलं की चालतो.

ईधींचं नाव निघालं म्हणून गीताचाही उल्लेख करते. वाट चुकून पाकिस्तानात पोहोचलेली, ऐकू-बोलू न शकणारी ही भारतीय मुलगी. बिल्किसबानूंना ती हात जोडते हे दिसलं, तेव्हा त्यांनी तिचं नाव गीता ठेवलं आणि तिला देवांच्या तसबिरी आणून दिल्या. २०१५ मध्ये ती भारतात परतली, आणि २०२१ मध्ये तिच्या आईचा माग आपल्या मराठवाड्यात लागल्याच्या बातम्या आल्या. मला कुणी कफालत म्हणजे काय विचारलं तर मी फिकहच्या पुस्तकाआधी हे उदाहरण देते. पोरीला सांभाळलं आणि तिची खूण तिच्यापाशी ठेवली.

आता आपल्याकडे. १९५६ चा दत्तकाचा कायदा हिंदूंपुरता, त्यात बौद्ध, जैन, शीख आले. मुसलमान, ख्रिस्ती, पारशी यांना उरला १८९० चा तोच जुना कायदा. त्यातून पालकत्व मिळतं, पण मूल सज्ञान झालं की ते संपतं. गंमत अशी, की त्या काळात भारतातून मूल नेणारी परदेशी जोडपीही याच कायद्याखाली नेत होती, कारण त्यांनाही दुसरा कायदा लागू नव्हता. ती मुलं नॉर्वेला, इटलीला, अमेरिकेला गेली ती 'वॉर्ड' म्हणून गेली, आणि तिकडं दत्तक झाली. १९८४ मध्ये लक्ष्मीकांत पांडे यांच्या याचिकेवर न्या. भगवती यांनी जे नियम घालून दिले ते याच वाटेला कुंपण घालण्यासाठी. म्हणजे पालकत्वाच्या कागदावर मूल सात समुद्रापार जाऊ शकतं हे आपल्या न्यायालयांनी वर्षानुवर्षं पाहिलेलं आहे.

सगळ्यांसाठी एक दत्तक कायदा करायचा प्रयत्न १९७२ मध्ये झाला. मुस्लिम संघटनांनी विरोध केला, विधेयक बारगळलं. १९८० च्या विधेयकातून मुसलमानांना वगळलं होतं, तेही पुढं गेलं नाही. मग बाल न्याय कायदा आला, आधी २००० चा, नंतर २००६ ची दुरुस्ती, आता २०१५ चा. त्याखाली कोणत्याही धर्माच्या माणसाला दत्तक घेता येतं. शबनम हाशमी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं १९ फेब्रुवारी २०१४ रोजी हे स्पष्ट केलं. हा कायदा वाट मोकळी करून देतो, कुणावर सक्ती करत नाही. ज्याला आपल्या वैयक्तिक कायद्याप्रमाणे चालायचं आहे त्यानं खुशाल तसं चालावं. त्या सुनावणीत मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डानं न्यायालयाला सांगितलं होतं की इस्लाममध्ये दत्तक नाही, कफालत आहे, आणि जागतिक बालहक्क करारातही तिला मान्यता आहे. म्हणणं बरोबर होतं. १९८९ च्या त्या कराराच्या विसाव्या कलमात कफालतीचं नाव घेऊन उल्लेख आहे.

पण मग ती कफालत भारतात कुठल्या कार्यालयात मिळते? हा प्रश्न आमच्या नात्यात उभा राहिला तो असा.

रायगड जिल्ह्यातलं कुटुंब. २०२१ च्या कोविडच्या लाटेत नवरा-बायको आठवड्याच्या अंतरानं गेले. मागं सहा वर्षांची मुलगी, आणि तिची नानी, गुडघ्यांनी जेरीला आलेली. मुलीची सख्खी खाला आणि खालू अमेरिकेत, त्यांना मूल नाही. दोघं धावत आले. जिल्हा न्यायालयातून पालकत्वाचा आदेशही फारसा त्रास न होता मिळाला. सगळ्यांना वाटलं, झालं. तिकडच्या वकिलानं आदेश वाचला आणि सांगितलं की भारताच्या बाबतीत हा कागद चालणार नाही. भारत आणि अमेरिका दोघंही दत्तकासंबंधीच्या हेग करारात आहेत. तो १९९३ चा करार आई-बाप आणि मूल असं कायमचं नातं तयार करणारं दत्तकच ओळखतो. पालकत्व त्यात येत नाही. पाकिस्तान त्या करारात नाही, म्हणून तिथला आदेश चालतो. मुलगी कराचीची असती तर १८९० च्या त्याच कायद्याच्या कागदावर ती केव्हाच गेली असती.

उरली एकच वाट, नात्यातल्या मुलाचं परदेशस्थ नातेवाइकांनी रीतसर दत्तक घेण्याची. बाल न्याय कायद्यात ती आहे, धर्माची अट नाही. तिचं नाव काढल्यावर घरात भूकंप. चाचा म्हणाले, हराम. जमातीतले दोन बुजुर्ग म्हणाले, हराम. मौलवी साहेबांनी आयत वाचून दाखवली. मी त्या बैठकीला होते. मी इतकंच विचारलं की मग पोरगी कुणाकडे राहील? चाचांनी आपल्या अडचणी सांगितल्या, त्या खऱ्याही असतील. बुजुर्गांनी महिन्याला काही रक्कम पाठवायचं कबूल केलं. तिला घरी नेतो असं त्या खोलीत कुणीही म्हणालं नाही.

दोन वर्षं अशी गेली. खाला सुटी काढून यायची, दोन-तीन आठवडे राहायची, परत जाताना मुलगी फाटकाला धरून बसायची. शेवटी खालानं ठरवलं. कागदावर दत्तक झालं. अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त संस्थेचा गृहपाहणी अहवाल, आपल्याकडच्या केंद्रीय प्राधिकरणाची म्हणजे 'कारा'ची मंजुरी, जिल्हाधिकाऱ्यांचा आदेश, व्हिसा, सगळं रांगेनं. २०२२ पासून हे आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, त्याचाही वेळ समजून घेण्यात गेला. मुलगी गेली. आडनाव तिनं तिच्या अब्बांचंच ठेवलं आहे. खालूंना ती खालूच म्हणते. बापाचं नाव विचारलं तर अब्बांचं सांगते. आयतीत जे म्हटलं आहे त्यातलं काय मोडलं, हे मला त्या मौलवी साहेबांनी अजून सांगितलेलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. जिथं सरकारी कागदावर 'दत्तक' हा शब्द लिहिल्याशिवाय यतीम मुलाला घर मिळत नाही, तिथं तो शब्द लिहावा. त्याचा वंश लपवू नये, त्याच्या बापाचं नाव त्याच्याजवळ ठेवावं, बाकीचा कागद ही दाराची किल्ली समजावी. असा विचार करणारी मी एकटी नाही. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मुस्लिम स्त्रियांच्या एका शूरा कौन्सिलनं अभ्यास करून जवळपास हेच म्हटलं आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांचा मान राखून मी विचारते, तुमच्याकडे दुसरी किल्ली असेल तर ती द्या.

यावर घरात वावरण्याचा प्रश्न काढला जातो. मुलगा मोठा झाला की सांभाळणारी आई त्याला नामहरम, मुलगी मोठी झाली की बाप. हा प्रश्न मी उडवून लावत नाही, पाळणाऱ्यांसाठी तो खरा आहे. पण त्याचं उत्तर आपल्याच फिकहमध्ये आहे. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल आणि बाईनं त्याला दूध पाजलं तर ती त्याची दूध-आई होते आणि ते नातं लग्नाच्या बाबतीत रक्तासारखं धरलं जातं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. आमच्याकडे पाच वेळा पोटभर पाजणं लागतं, हनफींकडे एकदाही पुरतं. मूल न झालेल्या बाईलाही आज डॉक्टरांच्या मदतीनं दूध येऊ शकतं, नाहीतर बहीण, नणंद पाजू शकते. आमच्या आजीच्या पिढीत दूधभाऊ-दूधबहिणी घरोघर होत्या. ही गोष्ट जुम्याच्या बयानात मी कधी ऐकलेली नाही. 'हराम' मात्र पुष्कळदा ऐकलं आहे.

वारशाचं तसंच. कफालतीतलं मूल वारस नसतं, पण आपल्या मिळकतीच्या एक तृतीयांशापर्यंत वसीयत त्याच्या नावे करता येते, आणि हयातीत हिबा कितीही करता येतो, फक्त ताबा खरोखर द्यावा लागतो. आपल्याकडे पोसलेल्या मुलाला 'अपना ही बच्चा है' म्हणत म्हणत म्हातारे निघून जातात, कागद करत नाहीत, आणि चाळिसाव्याच्या आत पुतणे त्याला घराबाहेर काढतात. हे मी दोन घरांत पाहिलं. त्याहून वाईट म्हणजे दवाखान्यातच जन्मदाखल्यावर दुसऱ्या बाईचं नाव लावून घेणं. त्यात कायदाही मोडतो आणि अहजाबची आयतही. पण ते गुपचूप होतं म्हणून त्याला कुणी हराम म्हणत नाही.

बोर्डानं २०१४ मध्ये न्यायालयात कफालतीची बाजू मांडली. त्यानंतर निदान कफालतीच्या कायद्याचा एक मसुदा तरी समाजापुढं यायला हवा होता. तो आलेला माझ्या पाहण्यात नाही. समान नागरी कायद्याच्या प्रत्येक चर्चेत आपण सांगतो की आमच्याकडे आमची व्यवस्था आहे. ती कागदावर दाखवा म्हटलं की आपल्या हातात इंग्रजांचा १८९० चा कायदा असतो. मोरोक्कोनं केला, अल्जीरियानं आपल्या १९८४ च्या कुटुंब संहितेत केला. ट्युनिशियानं तर १९५८ मध्येच पूर्ण दत्तक मान्य केलं. मुलांच्या संरक्षणाचा १९९६ चा हेग करार कफालतीचं नाव घेऊन तिला ओळखतो, मोरोक्को त्यात आहे, भारत नाही. भारतानं त्यात जावं ही मागणी मुसलमानांनी करायची नाही तर कुणी करायची?

मसुदा करायला मोठं काही लागत नाही. मुलाच्या जन्मदात्यांची नावं ठाऊक असतील ती दाखल्यावर राहावीत. सांभाळणाऱ्यांची नावं वेगळ्या रकान्यात, पण कायमची यावीत, अठराव्या वाढदिवशी गळून पडणारी नकोत. एक तृतीयांशाची वसीयत आदेशासोबतच नोंदली जावी. मूल मोठं झाल्यावर त्याला आपली फाइल बघायचा हक्क असावा. आणि पासपोर्ट अधिकाऱ्यानं, तसंच परदेशी वकिलातीनं, या आदेशाला कायमचं नातं म्हणून धरावं यासाठी सरकारनं दुसऱ्या देशांशी बोलावं. हा मसुदा उर्दूत लिहा, इंग्रजीत लिहा. मराठीत हवा असेल तर मी बसायला तयार आहे, आणि त्या बैठकीला पनवेलपासून सावंतवाडीपर्यंतच्या ज्या ज्या बायांनी नात्यातलं पोर वाढवलं आहे त्यांनाही बोलवा. मौलवी साहेबांशेजारी त्यांनाही खुर्ची द्या.